एक फोटो, हळदीची वाफ आणि आमच्या क्लबचं वर्ष

फोटोग्राफी क्लबमधे नक्की करता काय, हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा बसून सगळं सविस्तर लिहावं असं ठरवलं. बहुतेकांना वाटतं रविवारी गळ्यात कॅमेरे अडकवून कुठल्यातरी डोंगरावर जायचं, फुलापानांचे फोटो काढायचे, मिसळ खायची आणि घरी यायचं. ते पण असतं, मिसळ तर असतेच, पण खरं काम त्याच्यानंतर सुरू होतं आणि ते काय असतं हे मी एका फोटोच्या निमित्ताने सांगणारे, कारण तो फोटो माझ्याबरोबर क्लबच्या सगळ्या पायऱ्या चढून गेलाय, महिन्याच्या स्पर्धेपासून पार सलॉनपर्यंत, म्हणजे निवडून घेतलेल्या फोटोंच्या मोठ्या स्पर्धा-प्रदर्शनापर्यंत.

आमचा क्लब साताऱ्यातला, छोटाच. एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर हॉल मिळतो, महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी. सभासदांमधे दोन डॉक्टर, एक वायरमन, कॉलेजची मुलं, शाळेतल्या एक बाई, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले एक काका आणि लग्नाच्या ऑर्डरी करणारे दोघे. त्या दोघांनी स्पर्धेला ऑर्डरचे फोटो द्यायचे नाहीत असा नियम आहे आणि त्यांना स्वतःलाच तो मनापासून आवडतो, त्यामुळे वर्षभर स्वतःसाठी काहीतरी शूट होतं म्हणतात. मी क्लबमधे आले ती १९ ऑगस्टच्या प्रदर्शनामुळे. १८३९ मधे याच तारखेला पॅरिसमधे दागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढायची पद्धत सगळ्यांसाठी खुली झाली म्हणून जगभर हा फोटोग्राफी दिन करतात, आमच्याकडे त्याच आठवड्यात सभासदांच्या प्रिंट लावतात. मी भाजी घेऊन घरी चालले होते, पाऊस आला म्हणून आत शिरले आणि बाहेर पडताना फॉर्म भरूनच पडले. घरी निकॉन डी ५६०० होता, मुलीच्या गॅदरिंगसाठी घेतलेला, त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स आणि लांबचं काढायला एक ७०-३०० झूम. त्याच्यावरच आजपर्यंत सगळं चाललंय.

महिन्याच्या स्पर्धेचे नियम ऐकायला सोपे आहेत. एक दिलेला विषय आणि एक खुला गट, प्रत्येकात जास्तीत जास्त दोन फोटो. लांब बाजू १९२० पिक्सेल, रंगांसाठी नेहमीचं एसआरजीबी सेटिंग, जेपीजी. फाइलच्या नावात आपलं नाव नाही, फक्त नंबर आणि शीर्षक. फोटो गेल्या वर्षभरातलाच हवा आणि एकदा नंबरात आलेला परत द्यायचा नाही. नवोदित आणि वरिष्ठ असे दोन गट, वर्षभराचे पॉइंट जमले की वरच्या गटात ढकलतात. बस एवढंच. पण या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो 'दोन' हा आकडा. मोबाइलमधे हजारो फोटो साठलेल्या माणसाला दोनच निवडून दे म्हटल्यावर काय होतं ते एकदा अनुभवून बघा. रात्री अकराला लॅपटॉप उघडून बसायचं आणि एकेक फोटो समोर आणून स्वतःला विचारायचं की यात नक्की काय आहे, माझी त्या सकाळची आठवण आहे की खरंच फोटोत काही आहे. कारण हॉलमधे बसलेल्या माणसाला त्या दिवशी किती थंडी होती, मी किती वाजता उठले, यातलं काही माहीत नसतं, त्याच्यासमोर फक्त चौकट असते.

तर फेब्रुवारीचा विषय होता 'धूर, धुकं, वाफ'. विषय जाहीर झाल्या झाल्या सगळे धुक्याच्या मागे लागले. साताऱ्यात धुक्याला तोटा नाही म्हणा, अजिंक्यताऱ्यावरून सकाळी खाली बघितलं तरी काम होतं, संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे घाटावरनं पाण्यावरचं धुकं आणि मागे देवळांचे कळस. मी पण गेले, काढले, छान आले. पण तसेच छान सगळ्यांचे येणार हे मला तिथेच दिसत होतं, घाटावर क्लबचेच चारजण उभे होते.

माझं माहेर वाईजवळ. वाईची हळद सगळ्यांना माहितीये, पण ती पूड व्हायच्या आधी शिजते हे शहरातल्या खूप जणांना माहीत नसतं. फेब्रुवारी-मार्चमधे काढणी होते, मग हळकुंडं शिजवतात, मग उन्हात कितीतरी दिवस वाळवतात आणि शेवटी पॉलिश. आता बऱ्याच ठिकाणी ड्रममधे वाफ सोडून शिजवायची यंत्रं आलीत, पण माझ्या भावाच्या ओळखीच्या एका शेतावर अजून मोठ्या कढईत शिजवत होते, वर गोणपाट झाकून. भाऊ म्हणाला पहाटे ये, मग मी पहाटे गेले.

तिथली जी मुख्य बाई होती, सगळे तिला मावशी म्हणत होते, तिला मी आधी विचारलं की फोटो काढू का. तर म्हणाली, "काढा की, पण आधी तेवढं पोतं धरू लागा." मग मी कॅमेरा बॅगेत ठेवून थोडा वेळ पोती धरली. हे मी मुद्दाम लिहितेय कारण आमच्या क्लबमधे ही गोष्ट पहिल्या आउटिंगपासून सांगतात, लांबून झूम लावून माणसांचे फोटो चोरायचे नाहीत, जायचं, बोलायचं, मग काढायचे. आणि त्याचा फोटोवर खरंच परिणाम होतो. पोती धरली त्या वेळात मला कळलं की गोणपाट कधी उचलतात, उचलल्यावर वाफ कुठल्या बाजूला जाते, मावशी कुठल्या पायावर भार देते, उजवीकडे कोण उभं राहतं. नुसती कॅमेरा घेऊन उभी राहिले असते तर यातलं काही दिसलं नसतं.

सूर्य वर आला तशी मी त्याच्या समोरच्या बाजूला गेले, म्हणजे वाफ माझ्या आणि सूर्याच्या मधे. वाफेचा फोटो काढायचा तर प्रकाश मागून हवा आणि मागे काहीतरी काळोखं हवं, नाहीतर पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसत नाही. तिथे मागे आंब्याची गर्द झाडं होती, अगदी हवी तशी. कॅमेऱ्याचं मीटर झाडांचा काळोख बघून सगळंच उजळ करायला बघतं आणि मग वाफेतलं सगळं डिटेल जळून जातं, त्यामुळे एक्स्पोजर एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा, शटर १/६४० सेकंदाच्या आसपास कारण वाफेची वळणं गोठवायची होती, आणि रॉमधे, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या मूळ फाइलमधे. फार जवळ गेलं की लेन्सवर दव धरतं म्हणून जरा लांबूनच. गोणपाट उचललं की वाफ एकदम वर येते, दोन-तीन सेकंद मावशी दिसेनाशीच होते, मग आधी हात दिसतात, मग पदर, मग चेहरा. मला तो हात दिसतात तेवढाच क्षण हवा होता.

घरी आल्यावर खरी परीक्षा. वर्कशॉपवाल्या काकांनी मला सुरवातीलाच एक सवय लावली होती, स्क्रीनवर निवड करायची नाही. जे बारा-पंधरा बरे वाटतात त्यांच्या साध्या चार बाय सहाच्या प्रिंट काढायच्या आणि घरात जिथे सारखी नजर जाते तिथे लावून टाकायच्या. आमच्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर लागतात. चहा करताना, डबा भरताना दिसत राहतात आणि दोन-तीन दिवसांत काही प्रिंट आपोआप कंटाळवाण्या होतात, त्या काढून टाकायच्या. आठवड्याने दार जवळजवळ रिकामं होतं. ही पद्धत मी ज्याला सांगते तो आधी हसतो आणि मग करून बघतो. त्या वेळी शेवटी दोन राहिल्या. एक टाइट, फक्त हात, गोणपाट आणि वाफ. दुसरी रुंद, त्यात मावशी पूर्ण, चेहरा वाफेत गेलेला, डावीकडे लांब हळकुंडांचा ढीग आणि ढिगाशेजारी बसलेलं एक लहान पोर. मिस्टरांना टाइट आवडली, मुलीला रुंद. मला रुंदच हवी होती, कारण त्या पोरामुळे ते काम घरातलं वाटत होतं. तीच दिली.

महिन्याच्या मीटिंगला बाहेरून एक परीक्षक येतात, कधी पुण्याहून, कधी कोल्हापूरहून. आधी सगळे फोटो पटापट दाखवतात, तीन-चार सेकंद एकेक, मार्क नाहीत, नुसता अंदाज यावा म्हणून. मग दुसऱ्या फेरीत सावकाश, बोलत बोलत. कुणाचा फोटो आहे ते कुणी सांगायचं नाही, आपला आला तरी गप्प बसायचं, हे गप्प बसणं सुरवातीला फार जड जातं. परीक्षक बोलतात ते बहुतेक चौकटीबद्दल असतं. कडा बघा, डोक्यातून खांब निघालाय, नजर कुठून शिरते आणि कुठे अडकते, हायलाइट जळालेत म्हणजे उजळ भाग नुसता पांढरा झालाय, सॅच्युरेशन जास्त होऊन रंग भडक झालेत, शार्पनिंगमुळे डोंगराच्या कडेला पांढरी रेघ आलीय. हे दुसऱ्यांच्या फोटोंबद्दल ऐकूनच जास्त शिकायला होतं असं माझं मत आहे, कारण आपल्या फोटोवर बोलणं चालू असताना निम्मं लक्ष धडधडीकडे असतं.

माझ्या फोटोवर ते सर बराच वेळ थांबले. वाफ आणि प्रकाश फार चांगला पकडलाय म्हणाले, आणि मग म्हणाले की डावीकडचं पोर काढा, क्रॉप करा, नजर दोन ठिकाणी विभागली जातेय. हॉलमधे निम्म्या माना हलल्या. दुसरा नंबर दिला त्यांनी. मीटिंग संपल्यावर चहाच्या वेळी मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं सर, पोर काढलं तर तो कुठल्याही बाईचा कुठल्याही वाफेतला फोटो होईल. त्यांनी परत लॅपटॉप उघडला, हाताने डावी बाजू झाकून बघितली, उघडून बघितली आणि म्हणाले, "तुम्हाला ते का हवंय हे तुम्हाला माहितीये ना, मग ठेवा. पण त्या ढिगाचा उजेड जरा खाली आणा, म्हणजे आधी मावशी दिसेल आणि मग पोर." किती साधी गोष्ट! मी घरी जाऊन तेवढंच केलं आणि फोटो बदलला. परीक्षकाचं सगळं ऐकलंच पाहिजे असं नाही, पण तो कुठे अडखळला ते मात्र ऐकलंच पाहिजे, कारण तिथे दुसरे पण अडखळणार असतात.

मार्चमधे रंगपंचमीला क्लब वाईजवळच्या बावधनला जातो, तिथल्या बगाडाच्या यात्रेला. बावधनचं बगाड ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. होळीच्या रात्री भैरवनाथासमोर कौल लावून बगाड्या, म्हणजे बगाडावर चढणारा माणूस ठरतो आणि रंगपंचमीला त्याला उंच शिडाला बांधून, बगाड म्हणजे तो भलामोठा लाकडी गाडा बैल जुंपून शिवारातून ओढत गावात आणतात. धूळ, गुलाल, चांगभलंचा गजर, बैलांना आवरणारी माणसं आणि हजारो लोक. फोटोग्राफर पण शेकड्याने येतात आता, ड्रोनसुद्धा, आणि सगळ्यांना तोच एक फोटो हवा असतो, खालून वर बगाड्या आणि मागे आकाश. आमच्या क्लबचा आउटिंगचा नियम असा की तो फोटो प्रत्येकाने काढून घ्यायचा आणि मग दिवसभर दुसरं काहीतरी शोधायचं. त्यातनं काय काय येतं! एकीने फक्त बैलांचे पाय आणि ढेकळं काढली होती, १/३० सेकंदाला पॅनिंग करून, म्हणजे कॅमेरा बैलांबरोबर फिरवत. एकाने बांधावर डबा सोडून बसलेली म्हातारी माणसं. वायरमन दादांनी बैल सोडल्यावर त्यांना पाणी पाजणारा मुलगा काढला, तो फोटो मला आजही बगाडाचा सगळ्यात चांगला फोटो वाटतो, बगाड त्यात कुठे नाहीच.

आणि तिथे जाताना आदल्या वर्षीच्या प्रिंट नेतो आम्ही. ज्यांचे ज्यांचे फोटो काढलेत त्यांना शोधून द्यायच्या. कुणी सापडत नाही, मग देवळाजवळ कुणाकडे तरी ठेवायच्या, गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, बरोबर पोचतात. या कामाला पॉइंट नसतात आणि क्लबचं हे काम मला स्पर्धेइतकंच महत्त्वाचं वाटतं. मावशीला पण मी प्रिंट नेऊन दिली होती. तिने बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "यात माझं तोंडच दिसत नाही की." खरंच होतं ते. मग ती आत जाऊन दुसरं लुगडं नेसून आली आणि मी दारासमोर उभं करून सरळ साधा फोटो काढला, तोंड दिसेल असा, सावलीतल्या उजेडात. तो आता त्यांच्या घरात लावलाय. स्पर्धेत तो कुठेच जाणार नाही, पण काढताना मी तेवढीच काळजी घेतली.

वार्षिक स्पर्धेला मात्र प्रिंट द्यावी लागते, १२ बाय १८ इंच, माउंट करून म्हणजे जाड पुठ्ठ्यावर बसवून. इथे बरेच नवीन लोक गळतात, खर्च आहे, खटपट आहे. साध्या लॅबमधे दिलं की त्यांचं मशीन स्वतःहून उजेड वाढवतं, त्यामुळे 'करेक्शन नको' असं स्पष्ट सांगावं लागतं. आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस आपण फुल ठेवून एडिट करतो म्हणून कागदावर सगळं काळं येतं, स्क्रीन बरीच खाली आणून मग एडिट करायचं. मावशीच्या फोटोत आंब्याच्या झाडांचा काळोख स्क्रीनवर सुंदर दिसत होता, पहिल्या टेस्ट प्रिंटमधे नुसता काळा पट्टा आला. मग सावल्या थोड्या उघडल्या, चकचकीत कागदाऐवजी मॅट घेतला, कारण वाफेला चकाकी शोभत नाही असं काका म्हणाले आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला पण पटलं. मॅटवर वाफ मऊ झाली.

काकांबद्दल थोडं लिहायलाच पाहिजे. त्यांच्याकडे जुन्या ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटचा एक गठ्ठा आहे, घरच्या न्हाणीघरात डार्करूम करून काढलेल्या. प्रिंट उलटी केली की मागे सलॉनचे स्टिकर, एकाच प्रिंटवर चार-पाच, लांबलांबच्या गावांचे. तेव्हा प्रिंट पुठ्ठ्यात बांधून पोस्टाने परदेशी पाठवायच्या आणि कितीतरी महिन्यांनी ती स्टिकर लागून परत यायची. त्यांच्याकडूनच मला कळलं की ही क्लबची गोष्ट आपल्याकडे किती जुनी आहे, मुंबईत १८५४ मधेच फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती, म्हणजे फोटो हा प्रकार जगासमोर येऊन पंधरा वर्षं झाली होती फक्त. मग १९३७ मधे मुंबईतच फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया, आणि १९५३ मधे देशभरातल्या क्लबांसाठी फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी. आपण साताऱ्यातल्या हॉलमधे वीसजण बसून कडा बघा, कडा बघा करतो ते कुठून सुरू झालंय हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं.

वार्षिक परीक्षणाला तीन परीक्षक, प्रत्येकाकडे पाच मार्क, एकूण पंधरा. त्या वर्षी माझ्याकडे मार्क लिहायचं काम होतं, म्हणून अगदी टेबलाशेजारी बसून सगळं बघता आलं. आपला फोटो आला तेव्हा पेन हातात घट्ट धरलं होतं. पहिल्यांनी पाच दिले, दुसऱ्यांनी चार, तिसऱ्यांनी दोन. एकाच फोटोला पाच आणि दोन! इतका फरक पडला की आमच्याकडे परीक्षकांना थांबवून आपसात बोलायला सांगतात, मार्क बदला म्हणून नाही, नुसतं बोला म्हणून. दोन देणारे म्हणाले चेहरा दिसत नाही, माणूस दिसला पाहिजे. पाच देणाऱ्या मॅडम म्हणाल्या की चेहरा नाही म्हणूनच मी इतका वेळ बघत राहिले. आणि मला मावशी आठवली, तिचं पण दोनवाल्या सरांसारखंच म्हणणं होतं. मार्क तसेच राहिले, अकरा, सर्टिफिकेट ऑफ मेरिट मिळालं. त्या दहा मिनिटांचं बोलणं मला नंबरापेक्षा जास्त मिळालं असं मी अगदी मनापासून म्हणते.

नेचरच्या गटात मात्र त्याच दिवशी वेगळाच प्रसंग झाला. या गटाची व्याख्या आम्ही पीएसएची, म्हणजे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिकाची वापरतो. त्यात फोटोत काही घालायचं नाही, हलवायचं नाही, पुसायचं नाही, नको असलेलं काढायचं तर फक्त क्रॉप करून, बाकी उजेड-रंगाची साधी दुरुस्ती चालते. नंबरात आलेल्यांची रॉ फाइल मागवतात. एका कॉलेजच्या मुलाचा वेड्या राघूचा फोटो पहिला आला होता, चोचीत चतुर, काय सुंदर क्षण होता, आणि रॉमधे दिसलं की पक्ष्याच्या पोटावरून जाणारी गवताची एक काडी क्लोन करून, म्हणजे शेजारचा भाग तिच्यावर डकवून काढलीय. फोटो बाद झाला. हॉलमधे दोन तट पडले, एक काडी तर आहे, त्याने काय बिघडतं वगैरे. मला विचाराल तर नियम बरोबर आहे. नेचरचा फोटो बघणारा माणूस हे असंच होतं असं समजून बघत असतो, एक काडी चालते म्हटलं की उद्या दुसऱ्या दिवशीचा चतुर पण चालेल. कासला पण हेच, सप्टेंबरात तिथे जाताना आमच्याकडे आधी बजावलं जातं की स्प्रेने पाणी मारून दवबिंदू करायचे नाहीत आणि 'सीतेची आसवं' या एका फुलाच्या क्लोजअपसाठी पाच फुलं गुडघ्याखाली चिरडायची नाहीत. कास २०१२ मधे जागतिक वारशाच्या यादीत गेलं, पश्चिम घाटाचा भाग म्हणून, त्यानंतर गर्दी किती वाढली ते आपण सगळे बघतोच, निदान आपण तरी वाटेवरून काढूया. त्या मुलाचं मला कौतुक वाटतं, तो रुसला नाही, नंतर परत परत माहुलीला जाऊन बसला आणि पुढे त्याने काडीसकट असा फोटो आणला की ती काडीच फोटोचा भाग वाटत होती.

प्रदर्शन ऑगस्टमधे, म्हणजे साताऱ्याच्या भर पावसात. प्रिंटना ओल लागते, कडा वर वळायला लागतात, माउंटवरून सुटतात. आदल्या दिवसांत सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्या घालून कपाटात. लावताना फोटोचा मध्य उभ्या माणसाच्या नजरेच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, सगळ्या एका ओळीत, दोरी बांधून. कुठला कुणाशेजारी लावायचा याच्यावर आमच्याकडे रात्री दहापर्यंत वाद होतात आणि ते व्हायलाच हवेत, भडक लाल फोटोशेजारी वाफेचा मऊ फोटो लावला की तो मरतो. प्रदर्शनात मी एका कोपऱ्यात उभी राहून लोक बघत असते. बहुतेकजण दोन सेकंदांत पुढे जातात. पण वाईकडचे कुणी आले की मावशीच्या फोटोपुढे थांबायचे आणि बरोबरच्याला सांगायचे की हे हळदीचं आहे, आमच्याकडे असंच करायचे. एक आजोबा तर कढईचा आकार हाताने दाखवून सांगत होते.

मग सलॉन. क्लबमधे काहीजण नियमित पाठवतात, मला काकांनी ढकललं. फेडरेशनची मान्यता असलेला देशपातळीवरचा सलॉन निवडायचा, कलर, मोनोक्रोम, नेचर, ट्रॅव्हल, फोटोजर्नालिझम असे गट असतात, साधारण प्रत्येकात चार फोटो, फी ऑनलाइन. फियाप ही फोटोग्राफीची आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या आणि पीएसएच्या मान्यतेचे आंतरराष्ट्रीय पण असतात, तिथे मिळालेल्या अ‍ॅक्सेप्टन्स म्हणजे निवडी मोजून पुढे एफियाप वगैरे पदव्या मिळतात. निकालाच्या दिवशी मेल येतो, फोटोसमोर मार्क आणि पुढे अ‍ॅक्सेप्टेड किंवा नाही. मावशीचा फोटो पहिल्या ठिकाणी आठ मार्क घेऊन परत आला, थोडक्यात गेला. तोच फोटो, काही न बदलता, दुसऱ्या ठिकाणी बारा मार्कांनी आत गेला आणि कॅटलॉगमधे छापून आला. नवीन लोकांना मी हेच दाखवते, आठ आणि बारा, आणि सांगते की निकाल आला की आधी तिथले निवडलेले फोटो बघा, सगळे बघा, एकेक थांबून. एक धोका मात्र मला खरंच दिसतो. पदवीसाठी मोजणी सुरू झाली की माणसं सलॉनला चालतात तसेच फोटो काढायला लागतात, तेच धुरातले साधू, त्याच शिकवून उभ्या केलेल्या सूर्यास्तातल्या मुली. आमच्या क्लबमधे याच्यावर उघड बोलतात आणि बोलत राहावं असं मला वाटतं.

यंदाच्या वार्षिक सभेत प्रिंटचा विभाग बंद करायचा प्रस्ताव आला. खर्च होतो, एन्ट्री कमी येतात, सगळीकडे डिजिटल झालंय, अशी कारणं, आणि ती खोटी नाहीत. मी उभी राहून विरोध केला. स्क्रीनवरचा फोटो तीन सेकंदांत जातो, प्रिंट करायची म्हटलं की माणूस महिनाभर त्या एका फोटोबरोबर राहतो, त्याचा काळोख, त्याचा कागद, त्याची कड, सगळ्याचा विचार करतो, आणि शेवटी ती प्रिंट त्या माणसाच्या हातात नेऊन देता येते, पेन ड्राइव्ह कुणी भिंतीवर लावत नाही. बरीच चर्चा झाली. ठरलं असं की विभाग चालू ठेवायचा, नवोदितांसाठी आकार लहान, ८ बाय १२ चालेल, आणि सगळ्यांच्या प्रिंटची ऑर्डर एकत्र करून पुण्याला द्यायची म्हणजे दर कमी लागेल. ते एकत्र करायचं काम मी घेतलंय. फाइल कशा द्यायच्या, कागद कुठला, माउंट कसं करायचं हे दाखवायला मीटिंगच्या आधी एक तास मी हॉलवर असणारे, सभासद नसाल तरी या, येताना तुमचे दोनच फोटो निवडून आणा.